मीटर सांगतो एक मिनिट, फिल्म मागते तीन

प्रश्न (शहादा): प्रकाशा गावी तापी-गोमाई संगमावर ढगाळ सकाळी इलफोर्डच्या एफपी4 प्लस या कृष्णधवल रोलवर फोटो काढले. फिल्टरशिवाय उजेड मोजणारा मीटर एफ/16 ला 1/15 सेकंद दाखवत होता. दहा स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा गडद) फिल्टर लावून हिशेबाने 68 सेकंद दिले, तरी निगेटिव्ह अगदी फिकट आली. घाटाच्या पायऱ्या तर दिसतच नाहीत. फिल्टर खोटा निघाला का?

उत्तर: फिल्टर ठीक आहे आणि तुमचा गुणाकारही बरोबर आहे. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, दहा स्टॉप म्हणजे 1024 पट, त्याला 15 ने भागले की 68. पण हा हिशेब डिजिटल कॅमेऱ्यापुरता पुरतो. फिल्मसाठी त्यापुढची एक पायरी राहून गेली.

फिल्ममधल्या सिल्व्हर हॅलाइडच्या कणावर चांदीचे दोन-चार अणू एका जागी जमल्याशिवाय तो कण डेव्हलपरमध्ये, म्हणजे रोल धुण्याच्या रसायनात, काळा होत नाही. उजेड भरपूर असेल तर ते भराभर जमतात. उजेड थेंबाथेंबाने आला तर पहिला अणू टिकत नाही, दुसरा येईपर्यंत विरून जातो. म्हणून वेळ वाढेल तशी फिल्म मंद होत जाते. याला रेसिप्रॉसिटी फेल्युअर म्हणतात.

इलफोर्डने यासाठी सोपे सूत्र दिले आहे. मीटरचा वेळ एका सेकंदापेक्षा जास्त असेल तर त्याचा ठरावीक घात काढायचा: एफपी4 प्लसला 1.26, एचपी5 प्लसला 1.31. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक फोनवर घाताचे बटण दिसते. तुमच्या 68 सेकंदांचे होतात 204, म्हणजे 3 मिनिटे 24 सेकंद. तुम्ही गरजेच्या एक तृतीयांश, म्हणजे दीड स्टॉपहून थोडा जास्तच कमी प्रकाश दिलात. एफपी4 प्लससाठी एवढे आकडे चिठ्ठीवर लिहून बॅगेत ठेवा: 15 चे 30, 30 चे 73, 60 चे 174, 120 चे 417 सेकंद.

क्रम मात्र चुकवू नका. आधी सगळ्या फिल्टरांचे स्टॉप मोजायचे, घात सगळ्यात शेवटी. आकाश गडद करायला लाल फिल्टरही लावलात तर त्याचे साधारण तीन स्टॉप आधीच धरा. लेन्सचे छिद्र (अॅपर्चर) एक स्टॉप लहान केल्यावर नुसता दुप्पट वेळ देऊन भागत नाही, एफपी4 प्लसला सुमारे 2.4 पट लागतो. इथे बरेच जण फसतात.

दुसऱ्या कंपनीच्या रोलला हे आकडे लावू नका. फोमापॅन 100 ला मीटरच्या 10 सेकंदांना 80 द्यावे लागतात. फुजीच्या अॅक्रॉसला उलट 120 सेकंदांपर्यंत काहीच वाढवावे लागत नाही. महाग असली तरी पहाटेच्या कामाला आमची पसंती तिलाच.

पायऱ्या गायब का झाल्या तेही यातच आहे. सावलीत उजेड कमी, म्हणून तिथे फिल्म जास्त मंद पडते, आणि कॉन्ट्रास्ट वाढतो. वेळ दुरुस्त केल्यावर रोल धुताना डेव्हलपरचा वेळ दहा-पंधरा टक्के कमी करा, म्हणजे आकाश फुटणार नाही. 204 च्या जागी 220 सेकंद गेले तरी काही बिघडत नाही. कमी दिलेले मात्र नंतर भरून येत नाही.

ट्रायपॉडचे पाय काळ्या मातीत किंवा वाळूत हळूहळू बसतात, तीन मिनिटांत तेवढेही पुरते. पायांखाली चपटे दगड घाला. आणि पावसाळ्यात हतनूर धरणातून विसर्ग सुटल्याची सूचना असेल त्या दिवशी तापीच्या पात्रात उतरू नका.

प्रश्न (धुळे): लळिंगच्या किल्ल्यावरून ढगांचे चार-पाच मिनिटांचे एक्स्पोजर दिले. जुना एसएलआर आहे. निगेटिव्हवर कडेने काळे पट्टे आले, साध्या फोटोंत ते नाहीत.

उत्तर: पट्टा फ्रेमच्या बाहेर, भोकांपर्यंत गेला आहे का ते आधी पाहा. गेला असेल तर उजेड मागच्या झाकणातून शिरतो आहे. तिथला फोम उन्हाने चिकट होऊन झडतो. लाकडी काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुना फोम खरवडून काढा, चुरा शटरच्या पडद्यावर पडू देऊ नका. खाचेत काळी लोकर बसवली तरी चालते, बिजागरीच्या बाजूला मखमलीची पट्टी लावा. पट्टा फ्रेमच्या आतच थांबत असेल तर चौकोनी फिल्टरच्या मागून किंवा व्ह्यूफाइंडरमधून उजेड येतो. फिल्टर होल्डरभोवती काळे कापड गुंडाळा, आयपीसवर काळी टेप लावा.

खात्री करायची तर लेन्सला टोपी घालून भर उन्हात बी वर (शटर उघडेच राहते ती खूण) पाच मिनिटे एक फ्रेम द्या. ती कोरी आली पाहिजे.

प्रश्न (चाळीसगाव): पाटणादेवीच्या केदारकुंडाचा धबधबा दहा स्टॉपच्या फिल्टरने नुसता पांढरा गोळा दिसतो.

उत्तर: तिथे तो फिल्टर काढूनच ठेवा. पडत्या पाण्याच्या धारा अर्धा ते दोन सेकंदांत दिसतात, त्यापुढे कापूस होतो. झाडाखालच्या सावलीत 100 च्या फिल्मवर एफ/16 ला एवढा वेळ बहुतेक तसाच मिळतो. पोलरायझर लावा, ओल्या काळ्या खडकावरची चमक जाते आणि दीडेक स्टॉपही मिळतात. प्रत्येक फ्रेमआधी काचेवरचे तुषार पुसा.

प्रश्न (भुसावळ): मे महिन्यात नळाचे पाणीच तापलेले असते. घरी रोल धुवावा की थांबावे?

उत्तर: धुवा. पण 20 अंशांचा हट्ट सोडा आणि 24 वर स्थिर राहा. आयडी-11 डेव्हलपर एकास एक पाण्यात पातळ करून एफपी4 प्लसला 20 अंशांवर 11 मिनिटे लागतात, 24 वर साधारण साडेसात. लाँग एक्स्पोजरचा रोल असेल तर त्यातून दहा टक्के वजा करा. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला तर डेव्हलपर सगळीकडे सारखा लागत नाही, डाग पडतात. मग पाणी आणखी गार करावे लागेल.

माठातले पाणी वापरलेत तर बर्फ थोडाच लागतो. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका, त्याने तो पातळ होतो. पिशवीत बांधून टबात ठेवा आणि सगळ्या बाटल्या त्याच टबात उभ्या करा. डेव्हलपर 24 ला आणि धुण्याचे पाणी 33 ला असे झाले तर मऊ पडलेले इमल्शन (फिल्मवरचा थर) सुरकुततं, आणि ती जाळी नंतर निघत नाही. म्हणून धुण्याचे पाणीही आधीच बादलीत गार करून ठेवा. बोअरचे पाणी जड असेल तर शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा, त्यात लिटरला पाच मिलिलिटर वेटिंग एजंट (पाण्याचे थेंब धरू न देणारे द्रव). ओली फिल्म बोटांनी निपटू नका, उन्हाळ्यात ती लगेच ओरखडते.

न वापरलेले रोल फ्रीजमध्ये ठेवा, पण डबी उघडण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा. गार फिल्मवर दव धरते.