मुंबईत रात्री एकटीने छायाचित्रे काढण्याविषयी

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईला जाणार असल्याचे आणि तेथे रात्रीची छायाचित्रे एकटीनेच काढायची असल्याचे तू कळवलेस, ते वाचून मला आनंद झाला. कोणाला तरी सोबत घेऊन जा, असे मी सांगणार नाही. ज्याला छायाचित्रणात रस नाही, असा सोबती अर्ध्या तासात कंटाळतो आणि मग त्याच्यासाठी आपण घाई करू लागतो. एकटीने अवश्य जा. मात्र गेटवे, मरीन ड्राइव्ह, वांद्रे-वरळी सी लिंक, सीएसएमटी स्थानक आणि फोर्टमधील गल्ल्या हे सारे दोन रात्रींत, तेही रात्री अकरा ते दोन या वेळेत उरकण्याचा तुझा बेत मला पटलेला नाही. त्यात जोखीम आहे, हे एक कारण झालेच. पण त्या वेळी ती छायाचित्रेही चांगली येणार नाहीत. सुरक्षित राहण्यासाठी जे जे करावे लागते, त्यातले बहुतेक सारे छायाचित्र चांगले येण्यासाठीही करावेच लागते, असे माझे अनुभवाअंती झालेले ठाम मत आहे. या पत्रात मी तेच सविस्तर लिहिते आहे.

प्रथम वेळेविषयी. रात्रीची म्हणून जी उत्तम छायाचित्रे आपण पाहतो, त्यांपैकी पुष्कळशी मध्यरात्रीची नसतात. सूर्यास्तानंतर साधारण वीस मिनिटांनी आकाश गडद निळे होऊ लागते, त्या वेळी रस्त्यावरचे दिवे आणि आकाश यांच्या उजेडाचा समतोल साधतो. इमारतीची कड आकाशापासून वेगळी दिसते आणि दिव्यांभोवतीचा भाग जळून पांढरा होत नाही. यालाच आपण ब्लू अवर म्हणतो, पण मुंबईच्या अक्षांशावर तो पुरता तासभरही टिकत नाही. हाताशी वीस-पंचवीस मिनिटेच येतात. डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे तुझ्या कामाची वेळ साडेसहाच्या आसपासची आहे. त्या वेळी फोर्टमधील कचेऱ्या सुटत असतात, पदपथ माणसांनी भरलेले असतात आणि इमारतींच्या खिडक्यांतही दिवे असतात. रात्री बारा वाजता त्याच खिडक्या काळ्या, आकाश काळे आणि रस्ता रिकामा. हाच उजेड पहाटे सूर्योदयापूर्वी पुन्हा मिळतो. डिसेंबरात सूर्योदय सातच्या सुमारास होतो, म्हणून सव्वासहापासून तयार राहावे. तोवर मरीन ड्राइव्हवर चालायला आलेल्यांची वर्दळ सुरू झालेली असते. संध्याकाळ आणि पहाट या दोन वेळा तू धरल्यास, तर मधल्या निर्जन तासांत तुला बाहेर राहण्याचे कारणच उरत नाही.

आता जागांविषयी. पहिल्या संध्याकाळी फक्त सीएसएमटी कर. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्याची ही इमारत १८८७ च्या सुमारास पूर्ण झाली आणि २००४ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. समोरची महानगरपालिकेची १८९३ ची इमारतही त्याचीच. महानगरपालिकेच्या बाजूला, रस्त्याच्या पलीकडे, लोकांना उभे राहून छायाचित्रे काढता यावीत म्हणून मुद्दाम जागा केलेली आहे. तेथून स्थानकाचा दर्शनी भाग समोर येतो आणि त्याच्यामागे पूर्वेचे आकाश असल्यामुळे निळाई लवकर भरते. मधल्या चौकातील बस आणि टॅक्सींच्या दिव्यांच्या रेषा हव्या असतील, तर त्या याच जागेवरून घे. रेषा चांगल्या येतील म्हणून दुभाजकावर जाऊन उभे राहण्याचा मोह अनेकांना होतो आणि तो जिवावर बेतणारा आहे. स्थानकाच्या आत ट्रायपॉड लावण्याचा विचारही करू नकोस, आणि रुळांच्या बाजूला एक पाऊलही टाकू नकोस. तो रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, हे कारण तर आहेच. पण मागून येणारी लोकल कॅमेऱ्यात डोळा घातलेल्या माणसाला बऱ्याचदा ऐकूसुद्धा येत नाही.

मरीन ड्राइव्हसाठी एक पूर्ण संध्याकाळ ठेव. तेथील कठडा रुंद आणि सपाट आहे, त्यावर कॅमेरा नीट टेकवता येतो. दिव्यांची ती प्रसिद्ध कमान एका नजरेत हवी असेल, तर नरिमन पॉइंटचे टोक किंवा गिरगाव चौपाटीची बाजू घ्यावी; मधोमध उभे राहिल्यास वळण दिसत नाही. आयएसओ (उजेडाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १००, भिंगाचे छिद्र एफ ८ आणि दहा ते पंधरा सेकंदांचे एक्स्पोजर (शटर उघडे राहण्याचा वेळ) येथून सुरुवात कर आणि मग नजरेने ठरव. एक गोष्ट मात्र मी तुला निक्षून सांगते : कठड्याच्या पलीकडच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, कोणत्याही कारणाने उतरू नकोस. त्यांच्यावर शेवाळ असते, त्यांच्यामधील फटी खोल असतात आणि पाय सरकून आत अडकलेल्या माणसाला वरून कोणी पाहू शकत नाही. पावसाळ्यात कधी गेलीस, तर भरतीचे वेळापत्रक आधी पाहा. साडेचार मीटरपेक्षा उंच भरती असेल, त्या दिवशी लाटा कठडा ओलांडून रस्त्यावर येतात आणि तेव्हा कठड्यापासून दूर राहायचे असते.

गेटवे ऑफ इंडिया पहाटेसाठी राखून ठेव. ही कमान पूर्वेकडच्या बंदराकडे तोंड करून उभी आहे, त्यामुळे शहराच्या बाजूने पाहिले असता उगवतीचा रंग तिच्या आरपार मिळतो. २००८ च्या हल्ल्यानंतर त्या परिसराची सुरक्षा कडक आहे. पिशवी तपासली जाईल आणि ट्रायपॉड बहुधा आत नेऊ देणार नाहीत, हे गृहीत धरूनच जा. सी लिंकवर पायी जाण्यास बंदी आहे, तो बाहेरूनच टिपावा लागतो. त्यासाठी वांद्रे रेक्लेमेशनच्या सामसूम पट्ट्यात उभी राहण्यापेक्षा दादर चौपाटीवर चैत्यभूमीजवळची दर्शक गॅलरी मला अधिक योग्य वाटते. तेथे कुटुंबे येतात आणि पूल संपूर्ण दिसतो. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी तेथे लाखो लोक येतात. तुझा मुक्काम त्यानंतरचा आहे, तरी ती लोकांच्या श्रद्धेची जागा आहे याचे भान ठेवून तेथे वाग.

फोर्टमधील गल्ल्यांचे तुला फार आकर्षण आहे, हे मी जाणते. हॉर्निमन सर्कल, बॅलार्ड इस्टेट, एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या हे सारे सुंदरच आहे. पण तेथून जवळच नौदलाची गोदी आहे. तिच्या भिंती, दरवाजे आणि आतील जहाजे यांची छायाचित्रे काढू नयेत. ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टखाली ही निषिद्ध ठिकाणे आहेत आणि तेथे दिवसाही चूक खपवून घेतली जात नाही. म्हणून या भागात आधी दुपारी एकदा कॅमेरा न काढता फिरून ये. कोठे रस्ता खणलेला आहे, कोणती गल्ली पुढे बंद होते, कोणते औषधाचे दुकान उशिरापर्यंत उघडे असते, पोलीस चौकी कोठे आहे, हे त्या फेरीत पाहून ठेव. त्याच फेरीत छायाचित्राची चौकटही ठरते, आणि संध्याकाळी तुला जागा शोधत भटकावे लागत नाही. एका जागी ठामपणे उभी असलेली व्यक्ती आणि नकाशा पाहत गोंधळलेली व्यक्ती यांतील फरक रस्त्यावरच्या लबाड माणसाला लांबूनही कळतो.

ट्रायपॉडविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण मुंबईत सर्वांत जास्त अडथळा त्याचाच येतो. मोठा ट्रायपॉड पाहिला की पहारेकऱ्याला ते व्यावसायिक चित्रीकरण वाटते आणि तो परवानगी मागतो. त्याच्याशी कायद्याची चर्चा करू नये. त्याला त्याच्या वरिष्ठांनी सांगितलेले तो पाळत असतो. मूग किंवा तांदूळ भरलेली वीतभर कापडी पिशवी जवळ ठेव, ती कठड्यावर ठेवून तिच्यात कॅमेरा बसव आणि दोन सेकंदांचा टायमर लाव. पंधरा सेकंदांचे एक्स्पोजरही स्वच्छ येते. ओझे कमी राहिले की वेळ पडल्यास एका क्षणात उचलून चालू लागता येते. पोलिसांनी हटकल्यास ओळखपत्र दाखव, काढलेली छायाचित्रे दाखव आणि शांतपणे मराठीत उत्तर दे. सूर्यास्त ते सूर्योदय या काळात संशयास्पद स्थितीत आढळून समाधानकारक खुलासा न देणाऱ्या व्यक्तीवर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार कारवाई होऊ शकते. म्हणून आपण येथे का उभे आहोत याचे सरळ उत्तर तुझ्यापाशी असले पाहिजे. त्याचबरोबर हेही ठाऊक असू दे की अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करता येत नाही, आणि तशा परिस्थितीतही महिला पोलीस अधिकारी व न्यायदंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते.

कॅमेऱ्याचा पडदा हा रात्रीच्या छायाचित्रकाराचा मोठा शत्रू आहे, असे मी मानते. तो उजळ ठेवला की डोळे दिपतात आणि भोवतालचा काळोख आणखी दाट वाटतो. डोळे काळोखाला पूर्ण सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात आणि पडद्याकडे एकदा टक लावून पाहिल्याने ती सारी मेहनत वाया जाते. पडद्याची उजळी अगदी कमी ठेव, छायाचित्राची परीक्षा हिस्टोग्रामवर, म्हणजे उजेड-काळोखाच्या आलेखावर, कर आणि निवड करण्याचे काम मुक्कामावर ठेव. शटर उघडे असतानाच्या पंधरा सेकंदांत कॅमेऱ्याकडे पाहून काहीही साध्य होत नाही. ते पंधरा सेकंद मान वर करून चौफेर पाहण्याचे आहेत. या सवयीने आणखी एक लाभ होतो : पुढची चौकट बहुधा त्याच पाहण्यातून सापडते. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला असू दे, पिशवी जमिनीवर न ठेवता अंगावरच ठेव, कानात इअरफोन घालू नकोस आणि पाठीमागे शक्यतो भिंत किंवा खांब असू दे. थंड वातानुकूलित खोलीतून थेट समुद्राकाठी गेल्यास भिंगावर दमट हवेचे बाष्प बसते, म्हणून अर्धा तास आधी कॅमेरा बंद पिशवीतच बाहेरच्या हवेत ठेवावा.

परत येण्याची वाट आधी ठरव आणि मग जागा ठरव. लोकलची शेवटची गाडी साधारण साडेबारा-एकच्या सुमारास सुटते आणि पहिली पहाटे चारच्या आसपास. मेट्रो त्याच्या बरीच आधी बंद होते. तुला मात्र रात्री नऊ-साडेनऊपर्यंत मुक्कामी पोहोचता येईल, अशीच आखणी मी तुला सुचवली आहे. उशीर झालाच, तर महिलांच्या डब्यातच बस. दक्षिण मुंबईत रिक्षा मिळत नाही, काळी-पिवळी टॅक्सी मिळते. ती मीटरनेच घ्यावी आणि मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत भाड्यावर पंचवीस टक्के अधिक द्यावे लागतात हे ध्यानात असू दे. बाहेर पडताना आईला किंवा मला फोनवरून थेट स्थान पाठव आणि परतण्याची वेळ सांगून ठेव. समाजमाध्यमांवर मात्र त्या जागेचे छायाचित्र ती जागा सोडल्यावरच टाकावे.

कोणी मागे येत आहे असे वाटले, तर आपल्याला उगाच भास होतो आहे का, याचा विचार करीत बसू नकोस. मुक्कामाच्या दिशेने जाऊ नकोस. उघडे दुकान, मोठ्या हॉटेलचे प्रवेशद्वार किंवा रेल्वे स्थानक गाठ आणि ११२ वर फोन कर. रेल्वेत असशील, तर १३९. कोणी कॅमेरा हिसकावू लागला, तर पट्टा मनगटातून सोड आणि त्याला तो नेऊ दे. त्याचा अनुक्रमांक आणि खरेदीची पावती फोनमध्ये जपून ठेव, म्हणजे तक्रार नोंदवता येईल. संध्याकाळच्या मध्यावर मेमरी कार्ड बदलून पहिले आतल्या खिशात ठेवले, तर अर्धे काम तरी हाती राहते.

माणसांविषयी मला तुझ्याकडून एक वचन हवे आहे. पदपथावर झोपलेल्या माणसांची छायाचित्रे तू काढणार नाहीस. ती जागा त्यांचे घर आहे, आणि झोपलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. जागी राहून काम करणारी माणसे टिपायची असतील, तर दादरची फूल मंडई आहे. पहाटे चारपासून तेथे झेंडू, शेवंती, मोगरा यांचे भारे उतरतात, पिवळ्या दिव्यांत ढीग लागतात, आणि वर्दळ इतकी असते की एकटेपण जाणवत नाही. तुझा मुक्काम दादरलाच आहे, तरी साडेपाचनंतरच बाहेर पड. तेव्हाही बाजार भरात असतो. घाईत असलेल्या हमालाची वाट अडवू नकोस. विक्रीला बसलेल्या बाईंना 'मावशी, एक फोटो काढू का?' असे विचार, त्या नाही म्हणाल्या तर मान ठेव, हो म्हणाल्या तर काढलेला फोटो त्यांना दाखव आणि जाताना त्यांच्याकडून फुले विकत घे. येथे आयएसओ ३२०० पर्यंत न्यावा लागेल आणि १/१२५ सेकंदापेक्षा संथ शटर चालणार नाही, कारण सगळे हात सतत हलत असतात.

आता तुझी नवी आखणी मला लिहून पाठव : कोणत्या दिवशी कोठे, किती वाजता आणि परत कसे येणार. लॉजचा पत्ता व तेथील दूरध्वनी क्रमांकही त्यात असू दे. मरीन ड्राइव्हच्या संध्याकाळी मी फोनजवळच असेन.

तुझी,
मावशी