रिॲक्शन्सच्या वहीत उत्कलनबिंदूही लिही

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईने तुझं उजळणीचं वेळापत्रक पाठवलं. ऑरगॅनिकच्या रिॲक्शन्सना दहा दिवस, आणि इंटरमॉलिक्युलर फोर्सेसना, म्हणजे रेणूंच्या आपसातल्या ओढीला, शेवटच्या रविवारी दुपारचे दोन तास. तेही ‘अकरावीचं आहे, नुसतं वाचून काढेन’ म्हणून! ही वाटणी मला पटली नाही. तो भाग बारावीच्या पेपरात स्वतःच्या नावाने फारसा येत नाही, पण अल्कोहोल, अल्डिहाइड, अमाइन, कुठलाही धडा काढ, ‘कारण द्या’ म्हटलं की तोच पुढे येतो. त्याला वेगळे दोन तास नकोतच. रिॲक्शन्सच्या वहीतच त्याला जागा दे.

एका ओळीत पाच नावं लिही: ब्युटेन, प्रोपेनाल, ॲसिटोन, प्रोपेन-१-ऑल, ॲसेटिक ॲसिड. रेणुभार सगळ्यांचे ५८ ते ६०. उत्कलनबिंदू मात्र अनुक्रमे शून्याच्या जरासा खाली, ४९, ५६, ९७ आणि ११८ अंश सेल्सिअस. ब्युटेनकडे फक्त लंडन फोर्सेस, म्हणजे सगळ्याच रेणूंत असणारी क्षीण ओढ. पुढच्या दोघांत कार्बोनिल आला, ध्रुवीयता आली. मग ५६ वरून एकदम ९७, कारण तिथे ओएच आला, आणि त्याच्यासोबत रेणूंमधला हायड्रोजन बंध. ॲसेटिक ॲसिडचे तर दोन-दोन रेणू एकमेकांना दोन्ही बाजूंनी धरतात, डायमर होतो.

खरी मेख ॲसिटोनमध्ये आहे. त्यात ऑक्सिजन आहे ना, मग हायड्रोजन बंध का नाही, असं विचारलं की भलीभली मुलं अडखळतात. ऑक्सिजन आहे, पण त्याला चिकटलेला हायड्रोजन नाही. त्यामुळे ॲसिटोनचे रेणू आपापसांत हा बंध करू शकत नाहीत. पाण्याशी मात्र करतात, कारण हायड्रोजन पाणी पुरवतं. म्हणून ॲसिटोन उकळतं लवकर आणि पाण्यात मिसळतं हव्या त्या प्रमाणात. उत्तरात नुसतं ‘हायड्रोजन बंधामुळे’ लिहून थांबू नकोस. कोणाचा कोणाशी, तेही लिही.

अमाइन्सचंही असंच. रेणुभार ७३ असलेली तीन घे: ब्युटेन-१-अमाइन ७८ अंशांना उकळतं, डायइथाइलअमाइन ५६ ला, एन,एन-डायमिथाइलइथेनअमाइन ३७ च्या आसपास. नायट्रोजनवरचे हायड्रोजन मोज: दोन, एक, शून्य. झालं उत्तर.

आता लुकास टेस्ट, अल्कोहोल प्रायमरी, सेकंडरी की टर्शरी ते ओळखायची. टर्शरी लगेच गढूळ, सेकंडरी पाचेक मिनिटांनी, प्रायमरी साध्या तापमानाला नाहीच, हे तुला झोपेतही येत असेल. पण नळीत गढूळ होतं म्हणजे नेमकं काय होतं? लहान अल्कोहोल त्याच्या ओएचमुळे लुकासच्या द्रावणात (तीव्र एचसीएल आणि झिंक क्लोराइड) विरघळतं. ओएच जाऊन क्लोरीन आला की ती धरायची जागाच गेली. तयार झालेलं अल्किल क्लोराइड द्रावणाबाहेर पडतं, तोच गढूळपणा. किती लवकर पडतं हे कार्बोकॅटायनच्या स्थिरतेवर ठरतं, आणि आपल्या डोळ्यांना दिसतं ते विद्राव्यतेमुळे. साधारण सहाच्या पुढे कार्बन असलेल्या अल्कोहोलना ही टेस्ट लागू पडत नाही, तीही याचमुळे: ती मुळातच विरघळत नाहीत. अमाइनचा प्रकार ओळखायची हिन्सबर्ग टेस्ट याच नजरेने पुन्हा वाच. प्रायमरी अमाइनपासून बनलेल्या सल्फोनामाइडच्या नायट्रोजनवर एक आम्लधर्मी हायड्रोजन उरतो, म्हणून ते अल्कलीत विरघळतं. सेकंडरीच्या बाबतीत तो उरत नाही.

कन्व्हर्जन्सबद्दल, म्हणजे एका संयुगापासून दुसरं बनवायच्या प्रश्नांबद्दल, थोडंच सांगते. बाण काढण्याआधी दोन्हीकडचे कार्बन मोज. एक वाढवायचा असेल तर केसीएन किंवा ग्रिग्नार्ड आणि ड्राय आइस. एक घटवायचा असेल तर हॉफमन ब्रोमामाइड. एवढ्याने निम्मे रस्ते आपोआप बंद होतात. बाणावरच्या अटी मात्र पाठच हव्यात, तिथे माझ्याकडे युक्ती नाही. जलीय केओएच दिलं तर अल्कोहोल मिळतं, अल्कोहोलिक दिलं तर अल्कीन. अल्फा हायड्रोजन असेल तर सौम्य अल्कलीत अल्डॉल, नसेल तर तीव्र अल्कलीत कॅनिझारो. ग्रिग्नार्डच्या बाणावर ‘शुष्क ईथर’ न चुकता लिही. पाण्याचा अंश असला तरी ते हायड्रोजन घेऊन अल्केन होऊन बसतं. आणि अल्डिहाइड ओळखायच्या टेस्टपैकी बेंझाल्डिहाइड टॉलेन्सला दाद देतं, फेहलिंगला नाही. हा अपवाद वहीत लाल पेनने लिही.

मार्करने पुस्तक पिवळं करणं बंद कर. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिही, मग उघडून ताडून बघ.

अमाइन्स झाले की डायझोनियम सॉल्टची कन्व्हर्जन्स सोडवून फोटो पाठव, मी तपासून देते. तोवर बायोमॉलिक्युल्स उघडू नकोस.

तुझी,
मावशी