चूक झाल्यापासून मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाही

प्रश्न : ताई, नोकरीला लागून आठ महिने झाले. मागच्या महिन्यात क्लायंटला चुकून जुनी रेट लिस्ट गेली माझ्याकडून. लक्षात आलं होतं, पण भीतीने दोन दिवस कोणालाच बोलले नाही, शेवटी क्लायंटचाच फोन आला आणि सर सगळ्यांसमोर ओरडले. आता प्रत्येक मेल पाच-पाच वेळा तपासते तरी धडधडतं, मीटिंगमध्ये गप्प बसते. मैत्रीण म्हणते ग्रोथ माइंडसेट ठेव. म्हणजे नक्की करायचं काय?

उत्तर : अगं, आधी एक सांगते, जुनी लिस्ट जाणं ही छोटी चूक होती, महागात पडले ते दोन दिवस. मीही नवीन असताना एका कार्यक्रमाची तारीख चुकीची छापली होती आणि कळूनही गप्प बसले होते, लोक चुकीच्या दिवशी जाऊन परत आले, ते अजून मनातून जात नाही.

ग्रोथ माइंडसेट म्हणजे पॉझिटिव्ह विचार करणं असं हल्ली सगळे धरून चालतात, ते मला पटत नाही. कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं असं, की हुशारी जन्मतः ठरलेली असते असं मानलं की चूक झाली की आपण 'ढ' ठरलो असंच वाटतं, मग माणूस ती लपवतो. ग्रोथ माइंडसेट म्हणजे याच्या उलट, हुशारी मेहनतीने वाढवता येते असं मानणं. त्यांचे आणि क्लॉडिया म्युलर यांचे मुलांवरचे प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. 'तू हुशार आहेस' असं कौतुक झालेल्या मुलांचा पुढचा पेपर अवघड गेला, तर त्यातल्या बऱ्याच जणांनी मार्क वाढवून सांगितले. मेहनतीचं कौतुक झालं होतं त्यांच्यात हे खूप कमी दिसलं.

एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला, त्यांना वाटलं होतं चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी सापडतील, पण नोंदी उलट जास्त निघाल्या! कारण तिथले लोक चुका बोलून दाखवत होते, बाकीचे दाबून ठेवत होते.

तेव्हा 'मी निष्काळजी आहे' असं लिहून ठेवू नकोस, त्यातून हाताला काहीच लागत नाही. त्या दिवशी काय काय झालं ते क्रमाने लिही, फाइल कुठून उचलली, दोन्ही लिस्टची नावं सारखीच होती का, घाई कशाची होती. नावं सारखी असतील तर जुनी फाइल आजच वेगळ्या फोल्डरमध्ये टाक आणि नव्या फाइलच्या नावात तारीख घाल. पाच वेळा मेल वाचून डोळे तेच ते बघतात गं, त्यापेक्षा पाठवायच्या आधी अटॅचमेंट एकदाच उघड आणि वरची तारीख बघ, बस.

पुढे काही चुकलंच तर लगेच सरांकडे जा, काय झालं, काय सुधारलंय आणि त्यांच्याकडून काय हवंय एवढंच सांग, माफीचा पाढा नको. वेळेवर सांगूनही ते दरवेळी चारचौघांत ओरडत असतील तर मात्र दोष तुझ्या माइंडसेटचा नाही, तो त्यांच्या वागण्याचा आहे, आणि ते तू एकदा त्यांच्याशी एकटीने शांतपणे बोलायला हवंस.

मीटिंगचं म्हणशील तर लगेच मोठं मत मांडायला जाऊ नकोस, येत्या मीटिंगला फाइलच्या नावात तारीख घालायची तुझी पद्धत सगळ्यांना सांग, तीच चूक उद्या दुसऱ्या कोणाचीही होऊ शकते.