बी.एस्सी. पुन्हा, पण कुठून?

प्रश्न : माझे वय ४१ वर्षे असून मी साताऱ्यात औषधांच्या दुकानात काम करते. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.ची दोन वर्षे झाल्यावर २००५ मध्ये शिक्षण सुटले. आता नोकरी सांभाळून पदवी घ्यावी आणि पुढे बी.एड. करावे, असे मनात आहे. इग्नू, नाशिकचे मुक्त विद्यापीठ आणि आयआयटी मद्रासचा ऑनलाइन अभ्यासक्रम यांपैकी काय निवडावे?

उत्तर : आयआयटी मद्रासचा अभ्यासक्रम चांगला असला, तरी तो डेटा सायन्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचा आहे, शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे असेल, तर तो आधीच बाजूला ठेवावा. राहिली १९८५ मध्ये स्थापन झालेले इग्नू आणि १९८९ चे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता विद्यापीठाबरोबरच प्रत्येक अभ्यासक्रमाला वेगळी लागते, म्हणून आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत यंदाच्या सत्रासाठी बी.एस्सी. आहे ना, हे स्वतः पाहावे.

माझ्या मते खरा निर्णय प्रयोगशाळेवर ठरतो. अनुमापन करताना, म्हणजे द्रावणाची तीव्रता मोजताना, ब्युरेटमधून (तोटी असलेल्या काचनळीतून) एक थेंब जास्त पडला की फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा फिकट गुलाबी रंग एकदम गडद होतो, आणि तोटी नेमकी कधी बंद करायची हे व्हिडिओ पाहून हाताला कळत नाही. म्हणून जवळच्या अभ्यासकेंद्रावर प्रत्यक्ष जावे आणि रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके तिथेच होतात की दुसऱ्या शहरात, सलग होतात की फक्त रविवारी, हे विचारावे. सलग असतील, तर दुकानमालकांशी रजेचे बोलणे प्रवेशापूर्वीच झालेले बरे.

वेळेचा हिशेबही कागदावर मांडा. इग्नूच्या पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास. वर्षाला ४० क्रेडिट धरली तर १,२०० तास, म्हणजे आठवड्याला सुमारे २३ तास होतात. दुकान रात्री बंद होत असेल, तर तीन वर्षांचा हट्ट न धरता जास्तीत जास्त किती वर्षांची मुभा आहे, हे माहितीपुस्तिकेत पाहून त्याप्रमाणे विषय घ्यावेत. बी.एड.साठी खुल्या प्रवर्गाला पदवीत किमान ५० टक्के गुण लागतात, त्यामुळे घाईत काठावर उत्तीर्ण होणे परवडणार नाही.

एक पर्याय आपण विचारलेला नाही : जुने विद्यापीठ. ती दोन वर्षे ग्राह्य धरण्याची मुदत बहुधा संपलेली असेल, तरीही गुणपत्रिका घेऊन तेथील पात्रता विभागात एकदा चौकशी करावी. मायग्रेशन सर्टिफिकेटचा, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाण्यासाठीच्या दाखल्याचा, अर्ज मात्र उत्तर मिळेपर्यंत देऊ नये.