पोहता येत नाही, तरी मालवणला स्कूबा करावं का?

ताई, डिसेंबरात कोल्हापूरहून दोन दिवस मालवणला जायचंय, तुम्हा दोघांनाही पोहता येत नाही, मुलगा अकरा वर्षांचा, तर स्कूबा (पाठीवर हवेचं सिलिंडर लावून पाण्याखाली उतरणं) करावं का आणि सिंधुदुर्ग किल्ला कधी बघावा, असं तुम्ही विचारलंय. स्कूबा नक्की करा. फक्त जमलं तर दोनाचे तीन दिवस करा, का ते खाली सांगतो.

पोहता न येण्याचं मनावर घेऊ नका. पहिल्यांदा उतरणाऱ्याला प्रशिक्षक पाठीवरच्या सिलिंडरला धरूनच खाली नेतो आणि एक क्षणही सोडत नाही. तुम्हाला तोंडाने श्वास घेत राहायचंय, एवढंच. मुलाचं वयही चालण्यासारखं आहे. दमा, हृदयाचा त्रास किंवा कानाचं जुनं दुखणं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

खरी काळजी घ्यायची ती सर्दीची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नाक चोंदलेलं होतं. फॉर्म भरून घेणाऱ्याने काही विचारलं नाही आणि पैसे भरलेत म्हणून मीही बोललो नाही. दोन-तीन मीटर खाली गेलो नसेन, तोच डाव्या कानात दाभण घुसल्यासारखी कळ आली. खूण करायची सोडून सोसत राहिलो. वर आल्यावर पुढचे पंधरा दिवस त्या कानाला सगळं पलीकडच्या खोलीतून आल्यासारखं ऐकू यायचं. पाण्याचा दाब पहिल्या काही मीटरमध्येच कानाला सर्वांत जास्त जाणवतो. म्हणून दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हळू फुंकायचं आणि हे दर दोन-तीन फुटांना करत जायचं. तरी दुखलंच तर हात आडवा हलवून कानाकडे बोट दाखवा, प्रशिक्षक तुम्हाला थोडं वर घेईल. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मस्त' नव्हे, 'वर चला' असा होतो, हे मुलाला घरीच शिकवून ठेवा. आणि वर येताना श्वास कधीही कोंडू नका, छातीतली हवा फुगत असते.

खाली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे अगदी मास्कच्या काचेला नाक लावून जातात. फोटोसाठी कुणी हातात पाव दिला तर नको म्हणा, प्रवाळावर पायही टेकू नका. हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे.

आता तिसऱ्या दिवसाचं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे आणि आंबोली घाटाने परत आलात तर जवळपास सातशे मीटर चढावं लागतं. डाइव्हनंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडत असतो, त्यामुळे लगेच उंचीवर जाऊ नये. उथळ पाण्यातल्या एका डाइव्हला धोका कमी असला तरी मी मध्ये किमान बारा तास ठेवतोच. म्हणजे शनिवारी पहाटे निघायचं, दुपारी किल्ला, रविवारी सकाळी वारा सुटायच्या आत समुद्र, सोमवारी परत. शनिवारी रात्री जेवण हलकं ठेवा. तांबडा-पांढरा पचवणाऱ्या आपल्या पोटालाही होडीचे हेलकावे सोसत नाहीत.

किल्ल्यावर होडीवाले तासभरच देतात, तेव्हा आधी तट बघा. 25 नोव्हेंबर 1664 ला कुरटे बेटावर पाया घातला आणि तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पायात शिसं ओतलंय. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे दाखवायला स्थानिक माणूस बरोबर घ्या, आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव या तिन्ही विहिरी मुलाला दाखवा. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं! मी दरवेळी तिथे थांबतो. शिवराजेश्वराच्या मंदिरात महाराजांची मूर्ती आहे, तिथे घाई करू नका. आपण कोल्हापूरकरांनी आणखी एक गोष्ट मुलांना सांगावी: इंग्रजांनी 1765 साली हा किल्ला घेऊन त्याला 'फोर्ट ऑगस्टस' नाव दिलं, तो कोल्हापूरकडे परत आला आणि 1812 च्या तहापर्यंत आपल्याच गादीकडे होता.

संध्याकाळी रॉक गार्डनला सूर्यास्त बघा. तारकर्ली-देवबागला नदी समुद्राला मिळते त्या संगमापर्यंत जायचं असेल तर ते रविवारी दुपारी, डाइव्हनंतर ठेवा. निघण्याआधी गगनबावड्याचा करूळ घाट चालू आहे का विचारून घ्या. बंद असेल तर राधानगरीवरून फोंडा घाटाने कणकवली गाठा.