सवय नेमकी कोणत्या गोळीची?

‘एकदा सुरू केल्या की या मनाच्या आजाराच्या गोळ्या सुटत नाहीत म्हणे.’ हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. म्हणणाऱ्याच्या खिशात बहुतेकदा न वापरलेली चिठ्ठी असते. गोळ्या लिहून देणं माझं काम नाही, ते मनोविकारतज्ज्ञांचं. पण घ्यायच्या की नाही, हे भांडण माझ्यासमोरच रंगतं.

एक गणिताचे सर होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). छातीत धडधड, पहाटे तीनला जाग, फळ्याकडे वळलं की दरदरून घाम. डॉक्टरांनी रोज जेवणानंतर एस्सिटालोप्राम (चिंता-नैराश्यावरची गोळी) आणि पहिले दहा दिवस रात्री क्लोनाझेपामची (लगेच शांत करणारी) छोटी गोळी दिली होती. दीड महिन्यानं ‘काही फरक नाही’ म्हणत माझ्याकडे आले. मी गोळ्या घेऊन यायला सांगितलं.

रोजच्या गोळीच्या स्ट्रिपमधले चारच कप्पे फुटलेले होते. छोट्या गोळीची मात्र ही तिसरी स्ट्रिप, ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून आणलेली.

‘ही का सोडलीत?’

‘मळमळायचं. शिवाय रोज घेतली की सवय लागणार.’

‘आणि ही?’

‘ही लागेल तेव्हाच घेतो.’

‘गेल्या आठवड्यात किती वेळा लागली?’

सर बोटं मोजू लागले आणि सहाव्यावर थांबले.

सवयीच्या भीतीनं त्यांनी नेमकी सवय लागू शकणारी गोळी जवळ केली होती. ती अर्ध्या-एक तासात शांत करते, म्हणून हवीहवीशी वाटते. रोजच्या गोळीची तशी तलफ लागत नाही, पण तिचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात, कधी त्याहून जास्त. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं हे सगळं मात्र पहिल्याच आठवड्यात होतं. त्रास आधी आणि गुण नंतर, म्हणून माणसं तिथेच सोडतात.

हे सांगून भागलं असतं, पण मला वाटलं, गाठ वेगळीच आहे.

‘रोज गोळी घेणारा माणूस म्हणजे कोण?’

‘पेशंट.’

‘आणि लागेल तेव्हा घेणारा?’

‘तो... तसा ठीकच असतो.’ थोड्या वेळानं म्हणाले, ‘मला गोळी लागताच कामा नये, मॅडम.’

बीपीच्या गोळीचा दाखला मी मुद्दाम दिला नाही. तो घरच्यांनी देऊन देऊन बोथट झालेला असतो. विचारलं, ‘लागू नये असं वाटणं मी समजू शकते. पण लागताच कामा नये, हे सिद्ध झालंय की गृहीत धरलंय?’

सर हसले. ‘गृहीतच.’

गणिताच्या माणसाला त्याच्याच भाषेत अडवता आलं, याचं मला आजही समाधान आहे. माणसाला छळतो तो बहुतेक वेळा त्याचा असा एखादा हट्टी नियमच, असं माझं ठाम मत आहे.

दोन्ही स्ट्रिप घेऊन ते डॉक्टरांकडे परत गेले. क्लोनाझेपाम बरेच दिवस घेतली असेल तर एकदम तोडायची नसते, म्हणून ती टप्प्यानं उतरवली. रोजची गोळी कमी मात्रेनं पुन्हा सुरू झाली. मळमळ बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते; न ओसरल्यास डॉक्टरांना फोन करावा, डस्टबिन जवळ करू नये. दारू टाळावी. इतर औषधं चालू असतील तर, अगदी अंगदुखीची गोळीसुद्धा, डॉक्टरांना सांगावी. सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी फार वाढली किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांकही चोवीस तास सुरू असतो.

बरं वाटू लागलं की लगेच बंद करायचा मोह सगळ्यांनाच होतो. पहिल्याच आजारपणात साधारणपणे बरं वाटल्यानंतरही सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. अचानक थांबवल्यास चक्कर, चिडचिड, डोक्यात झिणझिण्या येऊ शकतात. त्यालाच लोक ‘सवय लागली’ म्हणतात.

सरांनी फेब्रुवारीत विचारलं, ‘आता कमी करूया?’ डॉक्टरांनी दहावीची परीक्षा आणि पेपर तपासणी संपेपर्यंत थांबायला सांगितलं. मे महिन्यात, सुट्टीत, मात्रा निम्मी झाली.