दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद १९४८ सालीच सुरू झाला का?

गोऱ्या-काळ्यांचा भेद तिथे आधीपासून होताच, मग वर्णभेदी राजवटीची सुरुवात १९४८ पासून का मानतात, असे आपण विचारले आहे. भेद जुनाच होता. १९१३ च्या जमीन कायद्याने कृष्णवर्णीयांना देशातील सुमारे ७ टक्के राखीव जमिनीपलीकडे जवळजवळ सर्वत्र जमीन घेण्यास मनाई केली होती, आणि भारतीयांच्या जमीनमालकीवर निर्बंध येत असल्याचे पाहून भारताने १९४६ मध्येच त्या देशाशी व्यापार तोडला होता. मे १९४८ मध्ये मलान यांचा नॅशनल पक्ष कमी मते मिळूनही जागांच्या बळावर सत्तेवर आला, त्यानंतर मात्र प्रत्येक माणसाचा वर्ण सरकारदप्तरी कायमचा नोंदवला जाऊ लागला.

माझ्या मते सर्वांत घातक ठरला तो १९५० चा लोकसंख्या नोंदणी कायदा. मिश्रविवाहांवरील बंदी (१९४९), वर्णानुसार वेगळ्या वस्त्या (१९५०), वेगळी बाके आणि वेगळ्या शाळा (१९५३) हे सारे राबवायचे, तर कोण कोणत्या वर्णाचा हे आधी ठरायला हवे होते. दिसायला उघडपणे गोरा असेल किंवा लोक ज्याला गोरा मानतात तो गोरा, इतकी सैल व्याख्या त्या कायद्यात होती. त्यामुळे केसांत पेन्सिल खोचून ती खाली पडते की अडकून राहते, यावरही वर्ण ठरवला गेला; सख्खी भावंडे वेगवेगळ्या वर्णांत नोंदली गेली आणि एका घरात राहणे त्यांना बेकायदेशीर झाले.

१९५२ च्या एका कायद्याच्या नावात ‘पास’, म्हणजे कृष्णवर्णीयांना हिंडण्या-फिरण्यासाठी जवळ बाळगावे लागणारे परवाने, ‘रद्द करणे’ असे शब्द होते, पण प्रत्यक्षात त्याने जुने सुटे पास काढून सर्व कृष्णवर्णीयांसाठी एकच पुस्तिका सक्तीची केली. अशी एक पुस्तिका मी जोहान्सबर्गच्या संग्रहालयात काचेआड पाहिली. तीत छायाचित्र, कराच्या नोंदी आणि मालकाच्या दरमहाच्या सहीसाठी रकाने होते. एखादी सही राहिली, तर रस्त्यात अडवलेल्या माणसाला अटक होऊ शके. त्या रिकाम्या रकान्यांपाशी मी बराच वेळ उभा होतो.

त्याच वर्षी २६ जूनला कायदेभंगाची मोहीम सुरू झाली. ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशा पाट्यांच्या दारांतून मुद्दाम आत जाणारे आठ हजारांहून अधिक लोक पकडले गेले, आणि निषेध म्हणून कायदा मोडणाऱ्यांना फटक्यांची शिक्षा देण्याची तरतूद सरकारने १९५३ मध्ये केली.